मागचं डावं चाक

मी चिकटवलेला टायर आजवर कुणाला निघालेला नाही. ही बढाई नाही, खरंच सांगतोय. रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत लोक मोटारीवर पैसे उधळतात, बॅटरीवर उधळतात, आणि टायर रिमला चिकटवायला बसले की स्वतःची बोटं चिकटवून घेतात. मग यायचे माझ्याकडे. ट्रॅकच्या मागच्या खोलीत बसून मी वीस वर्षं हेच काम केलं. सगळे मला गोंदमास्तर म्हणत. शर्यतीनंतर तपासणीच्या टेबलावरही मीच असायचो. कुणाच्या चाकाचं वजन किती, हे मी सांगितलं की विषय संपला.

रविवारी दुपारी पुतणी दारात उभी राहिली. धाकट्या भावाची मुलगी. शेवटची पाहिली तेव्हा बारा वर्षांची होती, आता तेवीसची घोडी झालीय. हातात कापडी पिशवी.

"काका, याचे टायर काढून द्याल का? रिम वाचायला हव्यात. मला माझ्या गाडीला लावायच्यात."

पिशवीतून पहिलं चाक बाहेर आलं आणि मी ओळखलं. पांढरी रिम, कडेला निळी रेघ.

"बापाला विचारलंस?"

"बाबा म्हणाले, फेकून दे."

"आणि तू माझ्याकडे आणलीस."

"या मापाच्या रिम आता बनत नाहीत. दोन दुकानदारांना विचारलं. दोघंही म्हणाले, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेव."

"बुडवून ठेव म्हणे! रिम कशाची आहे ते बघितलं का त्या शहाण्यांनी? नायलॉनची असली तर वाचते, साध्या प्लास्टिकची असली तर चघळलेल्या च्युइंगमसारखी होते. ये, बस आत."

खरं सांगतो, मला तिची दया वगैरे काही आली नव्हती. ही चाकं उघडायची मी अकरा वर्षं वाट बघत होतो.

झालं होतं ते असं. अकरा वर्षांपूर्वी मोठी शर्यत होती. गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं बघायला आली होती, आणि जिंकला तर धाकट्याला ते आपल्या टीममध्ये घेणार, हे जवळपास ठरलं होतं. पोराचा हातच तसा होता. बाकीचे रिमोट दाबायचे, हा नुसता धरायचा आणि गाडी ऐकायची. सकाळी सरावाची फेरी मारून तो माझ्या खोलीत आला. "दादा, मागचं डावं चाक थरथरतंय. बघतोस जरा?" खोलीत चार माणसं होती. मी म्हटलं, "मी चिकटवलेलं चाक थरथरत नाही. तुझा हात थरथरत असेल." सगळे हसले. तोही हसला आणि गेला. शर्यत जिंकला.

मग तपासणी. तीन चाकं अगदी सारखी, आणि मागचं डावं वीस ग्रॅमने जड. एकोणीस नाही, एकवीस नाही. वीस. आमचा ट्रॅक लंबगोल, सगळी वळणं डावीकडे. डाव्या चाकात वजन दडवलं की गाडी आतली कड सोडत नाही, असं लोक मानायचे. शिवाय वजन सुटून उडालं तर कुणाचा डोळा जायचा, म्हणून सक्त मनाई. आणि दोन दिवसांपासून माझ्या पेटीतलं विसाचं पितळी वजन गायब होतं. त्या खोलीची किल्ली दोघांकडेच, मी आणि तो.

मी भर लोकांत सांगितलं. माझं वजन गेलंय आणि ते कुठे गेलंय हे आता कळलं, असं म्हणालो. ट्रॅकचा सेक्रेटरी म्हणाला, "चाक कापा, बघू." धाकट्याने चाक हातात घेतलं, दाबून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होता. म्हणाला, "कापणार नाही. काय शिक्षा करायची ती करा."

"कर नाही त्याला डर कशाला?" हे मी म्हणालो. मोठ्याने.

त्याला ट्रॅकवर कायमची बंदी झाली. कंपनीने दुसऱ्या नंबरवाल्याला उचललं. धाकटा आता सामान पोचवायची व्हॅन चालवतो. सिग्नलला कधी शेजारी आला तर मी मान फिरवतो. आई गेली तेव्हाही आम्ही दोघं दोन कोपऱ्यांत उभे होतो. सख्ख्या भावाला पाठीशी घातलं नाही म्हणून नातेवाइकांनी मला दगड म्हटलं. म्हणू देत. खोटं कोण वागलं होतं?

तर आता ती चाकं माझ्या ओट्यावर होती. बायकोने तिचं जुनं पातेलं काढून दिलं. "हे परत स्वयंपाकाला घेणार नाही मी," ती म्हणाली, आणि पुतणी हात धुवायला गेल्यावर हळूच, "मिटलेलं उकरून काढू नका."

"उकरतोय कुठे, उकळतोय."

तिला हसू आलं नाही.

नायलॉनच्या रिमला उकळतं पाणी सोसतं, टायरच्या गोंदाला सोसत नाही. चाकं तरंगतात, म्हणून वर ताटली दाबून ठेवायची. अर्धा तास. मग जाड हातमोजे घालून एक बाहेर काढायचं, बोथट पट्टी टायरच्या ओठाखाली सरकवायची आणि गरम आहे तोवर गोल फिरत जायचं. गार झालं की परत पाण्यात. घाई केली की रिमची कड तुटते. पुतणी बघत होती. हात बापासारखेच, लांब बोटांचे.

पहिलं चाक निघायला वीस मिनिटं लागली. मी तिला रिमची कड दाखवली. "हे बघ. गोंदाची एकच सलग रेघ, कुठे खंड नाही. कुणी उघडून दुसऱ्यांदा चिकटवलं असतं तर इथे दोन थर दिसले असते. मला तर डोळे मिटून बोटाला कळतं." ती नुसती हं म्हणाली. मी हे का सांगत होतो ते तिला कळलं नसावं.

आतला फोम पिळून काढला. टायर दबून बसू नये म्हणून आत फोमचं कडं असतं. बाजारात तयार मिळतं, पण मी कधी वापरलं नाही. फोमची पट्टी कापायची, दोन टोकं पिवळ्या रबरी गोंदाने जोडायची आणि जोड धरेपर्यंत वर काहीतरी जड ठेवून द्यायचं. "हा जोड बघ," मी म्हटलं. "अकरा वर्षं झाली आणि वर उकळलाय, तरी सुटलाय का?"

"नाही," ती म्हणाली. "छानच आहे."

दुसरं निघालं, तिसरं निघालं. आत फोमशिवाय काही नाही. मागचं डावं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

टायर सुटला. फोम पिळला तर मुठीत टणक लागलं. बोटांनी फोम फाकवला आणि आत पितळ चमकलं.

"बघ!" मी ओरडलोच. "बघ गं बाई, डोळे उघडून बघ! हे तुझ्या बापाचं कर्तृत्व! अकरा वर्षं माझ्याशी बोलत नाही, जसा काही मीच गुन्हेगार! चोराच्या उलट्या बोंबा!"

पुतणीचा चेहरा पांढरा पडला. "बाबा चोर नाहीत."

"मग हे आभाळातून पडलं? माझं विसाचं वजन आहे हे, माझ्या पेटीतलं!"

"अहो, पुरे," बायको म्हणाली. "पोरीसमोर काय हे."

"पुरे काय? सगळ्यांनी मला दगड म्हटलंत! आता तिने बघायलाच हवं!" आणि ते वजन तिच्या नाकासमोर नाचवायला म्हणून मी ओढलं.

ते निघेना. फोमच वर आला.

मी परत ओढलं. फोम ताणला, वजन तसंच. तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन नीट बघितलं. वजन बरोबर जोडावर बसलं होतं. जोडातून पिवळा गोंद वर आला होता आणि त्यात ते चिकटलं होतं. मी तिथे ठेवलं होतं, तसंच्या तसं. पट्टी जोडली, वर विसाचं ठेवलं, गोंद जास्त झाला, ते चिकटून बसलं आणि ते न काढताच मी कडं टायरमध्ये कोंबलं. आधीच्या दोन रात्री बायकोच्या उशाशी दवाखान्यात काढल्या होत्या. चौदा गाड्यांची चाकं बाकी होती. नेहमी कडं तयार झाल्यावर मी ते परत तोलतो, त्या दिवशी तोललं नव्हतं.

रिमची कड बघायची गरज नव्हती, तरी बघितली. गोंदाची एकच सलग रेघ. माझी.

"काय झालं?" पुतणीने विचारलं.

मी बोललो असतो तर बरं झालं असतं. बायको जवळ आली, तिने फोम हातात घेतला. मला वीस वर्षं फोम जोडताना तिने पाहिलंय, तिला सांगावं लागलं नाही. "अरे देवा," ती म्हणाली आणि तिने फोम ओट्यावर ठेवून दिला. मग तिनेच पुतणीला सगळं सांगितलं. शब्द न् शब्द, माझ्यासमोर.

पुतणीने ऐकून घेतलं. मग तिने स्वतःच्या फोनवर नंबर लावला आणि फोन माझ्यापुढे धरला.

"हं, बोल गं चिमे," धाकटा म्हणाला. किती मऊ आवाज. तो माझ्यासाठी नव्हता.

"मी बोलतोय."

पलीकडे व्हॅनचं इंजिन बंद झालं.

"विसाचं वजन सापडलं," मी म्हणालो.

तो म्हणाला, "फोमच्या जोडावर?"

"तुला माहीत होतं?"

"त्या दिवशी चाक दाबून बघितलं तेव्हा कळलं. जोडाच्या जागीच टणक लागलं. मी तुझ्याकडे बघितलं. वाटलं, तुझ्याही लक्षात आलं असेल."

"मग कापलं का नाहीस, मूर्खा?"

"कापलं असतं तर आत तुझं वजन, तुझ्याच गोंदात. लोक म्हणाले असते, दोघे भाऊ मिळून करतात. तुला टेबलावरून उठवलं असतं, खोली काढून घेतली असती. वहिनीचं ऑपरेशन चार दिवसांवर होतं. म्हटलं, माझं काय, एक शर्यत जाईल. दादा घरी जाऊन डोकं शांत झालं की समजेल आणि येईल." तो थांबला. "तू आलास. माझी हत्यारं आणि रिमोट पोत्यात भरून दारात टाकायला आलास."

हे खरं होतं. पोतं मीच टाकलं होतं, आणि शेजारी ऐकतील एवढ्या आवाजात चोर म्हणालो होतो.

"अरे, पण तोंडाने सांगायचं होतंस! अकरा वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं ना, दादा. त्याच दिवशी सकाळी. थरथरतंय म्हणालो होतो."

इंजिन सुरू झालेलं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. त्याला सामान पोचवायचं असणार.

"मी सांगेन सगळ्यांना," मी पुतणीला म्हटलं. "चूक माझी होती म्हणून सांगेन. सगळ्यांसमोर सांगेन."

"कुणाला, काका?"

मी विचार करू लागलो. आमचा ट्रॅक चार वर्षांपूर्वी बंद पडला, तिथे आता गाड्या धुतात. सेक्रेटरी मागच्या साली वारला. कंपनीवाल्यांना तर धाकट्याचं नावही आठवत नसेल. ज्यांच्यासमोर मी त्याला चोर म्हटलं त्यातला एकही माणूस मला कुठे सापडेल ते ठाऊक नव्हतं.

पुतणी रिम पुसायला लागली. एकेक नीट, कडेकडेने, निळी रेघ जपून. चारही शाबूत होत्या, काम चोख झालं होतं. वाळलेला गोंद कडेला अजून थोडा राहिला होता, तो नखाने उडवून बघत होती.

"नवे टायर घेऊन ये," मी म्हटलं. "मी चिकटवून देतो. परत तोलून, दोनदा तोलून देतो. असे चिकटवीन की कुणाच्या बापाला निघणार नाहीत."

बोलून गेलो आणि जीभ चावली.

तिने रिम पिशवीत भरल्या, बायकोच्या पाया पडली, चपला घातल्या. "नको काका," ती म्हणाली. "माझी मी चिकटवेन."