शेफालीच्या भिंतीवरची घागर

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. माझे केस काठीसारखे कडक झाले आहेत आणि त्यांत निळा रंग वाळून बसला आहे. हसू नका. एके काळी आमच्या पंचक्रोशीत माझा मोठा तोरा होता.

आमच्या बंगालात निवडणूक आधी भिंतींवर लढली जाते. माझा मालक बिधान हा छत्री निशाणीवाल्यांचा रंगारी. त्याच्या अक्षरांच्या शेपट्या अशा झोकात वळत, की लोक लांबूनच म्हणत, "हा बिधानचा हात!" ते ऐकून मी फुलून जाई.

बिधानचा जीव शेफालीवर जडला होता. तिचे वडील निताईकाका विरोधी पक्षाचे, कट्टर घागरवाले. त्यांच्या दारी छत्रीवाल्याला पाणीही मिळत नसे. तरी बिधान मागणी घालायला गेला.

"जावई व्हायचंय?" काका म्हणाले. "मग माझ्या भिंतीवर घागर काढ. तुझ्या हातानं. दिली पोरगी!"

भर दुपारी, गाव पेंगत असताना, आम्ही कामाला लागलो. शेफाली रंगाचा डबा धरून उभी होती.

"मुद्दाम वेडंवाकडं काढ रे," ती कळवळून म्हणाली. "तुझा हात ओळखला, तर तुझेच लोक तुला सोडायचे नाहीत."

"कळतंय गं. पण हात ऐकत नाही."

खरे सांगतो, मलाही तेव्हा अभिमानच वाटला. आम्ही दोघेही मूर्ख! इतकी सुबक घागर गावात कधी उमटली नव्हती. खाली लिहिलेल्या घोषणेच्या अक्षरांनाही तीच झोकदार शेपटी.

संध्याकाळच्या आत छत्रीवाले आले. ज्यांच्यासाठी तो दहा वर्षे राबला, त्यांनीच त्याचा उजवा हात त्या भिंतीवर ठेचला. निताईकाकांनी दार आतून लावून घेतले. मी डब्यात तसाच पडून राहिलो.

महिन्याने बिधान हात गळ्यात बांधून पुन्हा त्या दारात गेला.

"काका, तुम्ही शब्द दिला होतात."

काकांनी त्या हाताकडे पाहिले. "दिला होता, बाबा. पण मोडक्या हाताच्या माणसाला पोरगी कशी देऊ? खाईल काय ती?"

शेफालीला दूर आसनसोलला दिले, एका घागरवाल्याच्याच घरी. निघण्याआधी तिने मला रॉकेलमध्ये बुडवून घासघास घासले. तिची बोटे सोलवटली, पण रंग सुटला नाही. मग तिने मला बिधानच्या कुंपणात खोचले आणि ती गेली.

मित्रांनो, ब्रश वापरलात तर रंग ओला आहे तोवरच धुवा. एवढेच माझे मागणे. बिधान अजून अधूनमधून मला डाव्या हाताने उचलतो, केसांवरून अंगठा फिरवतो आणि परत कुंपणात ठेवून देतो.