दूध अडलं तेव्हा

बाळंतपणाची रजा संपवून ड्रायव्हरबाई पुन्हा बसवर रुजू झाली आणि आठवड्याच्या आतच तिच्या डाव्या छातीत दगडासारखी गाठ आली. सकाळी लेकीला पाजून निघायचं, ते थेट दुपारी उशिरा घरी. मधल्या वेळात दूध भरून यायचं, शर्ट ओला व्हायचा. गिअर टाकताना हात नुसता घासला तरी कळ डोक्यात जायची.

त्या दिवशी ती अंगात ताप घेऊनच घरी आली. सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला आणि बाळाला आपल्याकडे ओढून घेतलं.

"आता पाजू नकोस. दूध नासलं असेल. पावडरचा डबा आणू."

"आई, ती भुकेने रडतेय."

"रडू दे. पोट बिघडण्यापेक्षा बरं."

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हाताचा रंगही न पुसता तो दोघींच्या मधे येऊन उभा राहिला. "आपण भांडत बसण्यापेक्षा डॉक्टरांना विचारू," तो म्हणाला. चौघंही निघाली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "दूध नासलेलं नाही, अडलंय. पाजत राहा. एकदम बंद केलंत तर दुखणं वाढेल. औषध देते, ते घेऊनही पाजता येतं."

"पण तापातलं दूध?" सासूबाईंनी विचारलं.

"बाळाला बाधत नाही. उलट आईचं शरीर रोगाशी लढायला जे तयार करतं, ते दुधातून बाळालाही मिळतं. अंगावर पिणाऱ्या मुलांना जुलाब, कानाची दुखणी कमी होतात."

"आणि हिच्या तब्येतीचं काय? नोकरी करून पाजायचं म्हणजे झीजच की."

"खायला-प्यायला नीट घाला, झीज होणार नाही. पाजणाऱ्या बाईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी असतो, मधुमेहाचाही. हिला गरोदरपणात साखर होती ना? मग हिला तर त्याचा फायदाच आहे."

घरी आल्यावर सासूबाईंनी बाळ सुनेच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारीच बसल्या.

"माझा पहिला मुलगा जुलाबांनी गेला, तुला माहीत आहे. त्याआधी मला ताप आला होता. सगळ्यांनी सांगितलं, पाजू नकोस. मी ऐकलं, त्याला वरचं दूध दिलं."

ड्रायव्हरबाईने सासूबाईंचा हात धरला. बाळ पीत राहिलं.

ताप उतरल्यावर तिने डेपोच्या साहेबांना गाठलं. "साहेब, दोन फेऱ्यांच्या मधे बाळाला पाजायला जागा हवी."

साहेबांचे कान लाल झाले. "इथे? डेपोत?"

"नाहीतर बसमध्येच पाजते."

साहेबांनी घाईघाईने हरवलेल्या सामानाच्या खोलीची किल्ली काढून दिली. छत्र्यांचा ढीग सरकवून नवऱ्याने तिथे खुर्ची मांडली, दाराला पडदा लावला. सासूबाई रोज नातीला घेऊन येऊ लागल्या आणि सून पाजत असेपर्यंत दारात स्टूल टाकून बसू लागल्या. एकदा एक मेकॅनिक कुणाचीतरी छत्री शोधायला आला.

"आत जेवण चाललंय," त्या म्हणाल्या. "थांबा जरा."

तो निमूटपणे थांबला.

हळूहळू गाठ विरली. लेक गुटगुटीत झाली. महिन्याभराने एका गरोदर कंडक्टरने साहेबांकडे त्याच खोलीची चौकशी केली, तेव्हा त्यांनी कान लाल होऊ न देता आणखी एक खुर्ची मागवली.