वाकल्या पट्टीची कबुली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी मापपट्टी आहे. पण तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीशी माझे नाते जोडू नका. माझ्या अंगावर एकही आकडा नाही. तळहाताएवढा पितळेचा तुकडा, त्याच्या एका बाजूला खोल खाच आणि दोरी ओवायला एक भोक, एवढेच माझे रूप. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, पकडणाऱ्या प्रत्येक होडीवर माझ्यासारखी एक तरी असते. शेवंडीच्या डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या कडेपर्यंत ती खाच लावून बघायची. कवच खाचेच्या आत सहज मावले तर शेवंड लहान, तिला पाण्यात सोडायची. खाचेला अडले तर ती पेटीत. पाहायला गेले तर एवढेच काम, पण त्यावर सगळ्या बंदराची अब्रू अवलंबून असते.

एका लहानशा कारखान्यात डझनावारी बहिणींबरोबर माझा जन्म झाला. धक्क्यावरच्या दुकानात रबरी हातमोज्यांशेजारी मी लटकत होते. तिथून मला डेल्मर हॅथॉर्नने उचलले. तेव्हा तो तरुण होता आणि त्या आठवड्यात त्याच्या घरी दोन आनंद एकदम आले होते. नवी होडी पाण्यात उतरली होती आणि मुलगी जन्मली होती. आमच्याकडे होडीला बायकोचे किंवा लेकीचे नाव देतात. त्यामुळे डेल्मरला नावासाठी डोके खाजवावे लागले नाही. मुलगी रोवेना आणि होडीही ‘रोवेना’.

ती मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा बापाचे हातमोजे घालून होडीवर आली. हातमोजे कोपरापर्यंत पोचत होते. तिला शिकाऊ परवाना मिळाला, पुढे त्याचाच पूर्ण परवाना झाला. वयाच्या विसाव्या वर्षापासून माप घेण्याचे काम तिच्याकडेच आले. डेल्मर सुकाणूवर असे, समुद्राच्या तळाशी सोडलेला पिंजरा वर ओढून कठड्यावर ठेवत असे. रोवेना पिंजरा रिकामा करी, मला लावून मापे घेई, नांग्यांना रबर चढवी, पिंजऱ्यात नवे खारवलेले आमिष भरी. पोटाखाली अंडी धरलेली मादी आली की ती मला बाजूला ठेवी. अशा मादीच्या शेपटीला एक छोटी खाच पाडायची आणि तिला अलगद पाण्यात सोडायची, ही आमच्या बंदराची रीत आहे. ती खाच दिसली की पुढे कोणत्याही होडीवरचा माणूस, अंडी असोत वा नसोत, त्या मादीला हात लावत नाही. कुणी बघत नसतानाही लावत नाही.

तिच्या हातात मी अशी मुरले की खाच लावण्याआधीच तिला माप कळे, तरी ती मला लावल्याशिवाय राहत नसे. एकदा मासेमारी खात्याचा निरीक्षक लीलँड क्रॉकेट आमच्या होडीवर चढला आणि त्याने अख्खी पेटी मोजली. एकही कमी भरली नाही. तो म्हणाला, “या पट्टीचा फोटो काढून कचेरीत लावायला हवा.” मला त्या दिवशी किती फुगल्यासारखे वाटले म्हणून सांगू. पितळेला फुगता येत नाही, हे माझे नशीब.

आता निरीक्षकाबद्दल थोडे सांगते, कारण गोष्टीची खरी गाठ तिथेच आहे. आमच्या बंदरात निरीक्षकाला कॉफी देतात, पण बसायला खुर्ची देत नाहीत. तो वाईट माणूस असतो असे नाही. तो पेटी उघडायला सांगणारा माणूस असतो. लीलँड तीस वर्षे उभ्यानेच कॉफी प्यायला.

यंदा ऑगस्टमध्ये लीलँड निवृत्त व्हायचा होता. त्याच्या जागेसाठी रोवेनाने वसंतात अर्ज केला होता आणि एका सोमवारी खात्याचे पत्र आले. जागा तिला दिली होती, तीही याच किनाऱ्यावर. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत होय की नाही ते कळवायचे होते. अट एकच. नोकरी घेतली तर शेवंडीचा परवाना परत करायचा. मित्रांनो, आमच्याकडे परवान्यासाठी इतकी मोठी रांग आहे की एकदा परत केला की पुन्हा मिळेपर्यंत माणूस म्हातारा होतो. म्हणजे हा निर्णय एकदाच घ्यायचा होता.

तिचा खांदा दोन हिवाळ्यांपासून दुखत होता. नोकरीत आजारपणाचा विमा होता, ठरलेला पगार होता. पण ती गेली तर अडुसष्ट वर्षांच्या डेल्मरबरोबर होडीवर कोण जाणार? आणि उद्या ज्यांच्या पेट्या उघडायच्या, ते सगळे तिला लहानपणापासून ओळखणारे. पत्र घडी करून ती आईला, लिडियाला, एवढेच म्हणाली, “आई, मला ते काम आवडेल गं. तीच तर अडचण आहे.”

 डेल्मरला ते पसंत नव्हते. मलाही नव्हते. मी तिच्याशिवाय कुणाच्या हातात जाणार, एवढाच विचार माझ्या मनात होता.

मंगळवारी लीलँड धक्क्यावर आला आणि खिशातून आपली पोलादी पट्टी काढून तिला दिली. “बघ वापरून. होय म्हण नाहीतर नाही म्हण, पण वजन हाताला कळू दे.” तो निघून गेल्यावर शेजारच्या होडीवरचा कार्लटन पिंकहॅम म्हणाला, “मॅडम, उद्यापासून शिंकायला पण परवानगी लागेल का?”

“तुला लागेल,” रोवेना म्हणाली. “तू शिंकलास की पाण्यातले बोये हलतात.”

सगळे हसले. तीही हसली. मला मात्र हसू आले नाही. त्या चकचकीत पोलादी पट्टीचा मला हेवा वाटत होता.

बुधवारी दुपारी आम्ही धक्क्याला लागलो. माल उतरवताना रोवेनाने सहज म्हणून एका शेवंडीला लीलँडची पोलादी पट्टी लावली. कवच खाचेच्या आत गेले आणि पट्टी हलली. शेवंड लहान होती. तिने मला लावून पाहिले. कवच मला अडले. तिने पुन्हा एकदा दोघींना लावून पाहिले. मग पेटी पालथी करून ती एकेक मोजू लागली. कार्लटन काम थांबवून बघत उभा राहिला. नऊ शेवंडी कमी भरल्या.

मित्रांनो, आता मला कबुली दिली पाहिजे. जूनमध्ये एका पेटीचे झाकण अडकले होते. घाईघाईत डेल्मरने मला फटीत घालून ते उचकटले. मी वाकले. त्याने मला इंजिनच्या झाकणावर ठेवून हातोडीने सरळ केले आणि उंच धरून म्हणाला, “बघ, जशीच्या तशी.” दिसायला मी तशीच होते, पण माझी खाच नखाच्या जाडीएवढी आवळली होती. मला ते कळले होते. मला बोलता येत नाही, ही सबब खरी आहे, पण मी ती सांगणार नाही. वर्षानुवर्षांच्या कौतुकानंतर आपण चुकतो आहोत हे कुणाला कळू नये, असेच मला वाटत होते.

रोवेनाला तेव्हा पेटीचे झाकण लावता आले असते. तिने एकेक शेवंड उचलून, सगळ्यांच्या देखत, धक्क्याच्या काठावरून पाण्यात सोडली. कार्लटनने थट्टा केली नाही. डेल्मर होडीतून वर बघत होता आणि त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता.

गुरुवारी दाट धुके होते. एकही होडी बाहेर पडली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला मधोमध ठेवून तिघेजण बसले होते.

“या पट्टीनं इतक्या वर्षांत कुणाला फसवलं नाही,” डेल्मर म्हणाला.

“जूनपासून फसवतेय, बाबा. आणि मोजत मी होते.”

“वाकवली मी ना? मग तुझा काय दोष? नऊ होत्या, त्या सोडल्यास. नवी पट्टी आणू. विषय संपला.”

“जूनपासून रोज नऊ असतील तर?”

 तो हळू आवाजात म्हणाला, “असतील. पण कुणाला सांगायची काय गरज? तेही नेमकं याच आठवड्यात? नोकरी हवीय ना तुला?”

 रोवेनाने लीलँडला फोन लावला आणि सगळे सांगितले, हातोडीसकट. फोनमधला त्याचा आवाज मला ऐकू येत होता.

“पुरावा तर तू पाण्यात टाकलास, रोवेना. मला कळलंही नसतं.”

“म्हणून तर तुम्हाला सांगतेय.”

लीलँड म्हणाला, “होडीच्या नावावर लेखी ताकीद जाईल. कचेरीलाही मला कळवावं लागेल. ते काय करतील ते मी सांगू शकत नाही.”

तासाभराने फोन वाजला. “नोकरीचं पत्र आहे तसंच आहे,” लीलँड म्हणाला. “उद्या बारापर्यंत उत्तर दे. आणि ती वाकडी पट्टी पुन्हा होडीवर नेऊ नकोस.”

माझी कारकीर्द त्या वाक्यात संपली. पण टेबलाशी बसलेल्या कुणाचेच माझ्याकडे लक्ष नव्हते. लिडियाने कपात कॉफी ओतली, पण कुणी ती प्यायले नाही. मग डेल्मर म्हणाला, “एक विचारू?”

“विचार.”

“समज, ऑक्टोबरात तू माझ्या होडीवर चढलीस. पेटीत एक कमी मापाची निघाली. काय करशील?”

रोवेनाने मला उचलून हातात घेतले. तिचा अंगठा माझ्या खाचेवरून फिरत होता. उत्तर तिला ठाऊक होते, पण ते बापाच्या तोंडावर बोलायचे तिच्या जिवावर आले होते.

“पावती फाडेन.”

“बापाची?”

“बापाची सगळ्यात आधी. नाहीतर कार्लटनची कोणत्या तोंडानं फाडू?”

डेल्मरने मान हलवली. “‘बापाला सोडून देईन’ म्हणाली असतीस तर मी हात धरून सांगितलं असतं, नको घेऊस ही नोकरी. आता घे.” तो उठून खिडकीशी गेला. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हते, तरी तो बघत राहिला. “मला हे आवडलंय, असं मात्र समजू नकोस.”

“नाही समजत, बाबा.”

त्याला फार दुःख झाले होते. आपली लेक आपण शिकवले तशीच निघाली, याचा अभिमान त्या दुःखातच मिसळलेला होता आणि तो दोन्ही वेगळे करू शकत नव्हता. शुक्रवारी सकाळी रोवेनाने होकार कळवला आणि आठव्या वर्षापासून जपलेला परवाना लिफाफ्यात घातला. लिफाफा बंद करून ती पाच मिनिटे तशीच बसून राहिली. मग पोस्टात टाकायला स्वतःच चालत गेली.

तिच्याशिवाय डेल्मरला सगळे झेपेना. त्याने अर्धे पिंजरे काढून घरामागे रचले. होडीवर आता नवी पोलादी पट्टी आहे. मला त्याने फेकले नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. मला कुणी पुसत नाही. माझ्या अंगावर हिरवट डाग धरू लागले आहेत. मी तक्रार करत नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी डेल्मर लवकर घरी आला आणि टोपी न काढताच खुर्चीत बसला. लिडिया बीन्सच्या मडक्याशी उभी होती.

“आज रोवेना चढली होडीवर,” तो म्हणाला.

“काही खाल्लं का तिनं?”

“कामावर होती ती. अख्खी पेटी मोजली. कार्लटनची होडी बाजूलाच होती, तो बघत होता. एकही शेवंड तिनं न मोजता ठेवली नाही.”

“मग?”

“सगळ्या बरोबर भरल्या.”

“मग तोंड असं का?”

डेल्मर टोपी काढून गुडघ्यावर ठेवत म्हणाला, “तिनं मला ‘मिस्टर हॅथॉर्न’ म्हटलं.”

लिडियाच्या हातातला डाव थांबला. “आणि तू काय म्हणालास?”

“म्हटलं, ऑफिसर, खालची पेटी राहिली. आणि ती मीच वर उचलून दिली. तिचा खांदा दुखतो ना.”

लिडियाने टेबलावर तीन ताटल्या मांडल्या. संध्याकाळी रोवेना आली, वर्दी न घालता, आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी जुनी, विश्वासाची वस्तू असेल, नाहीतर एखादी सवय असेल. तिला जपा, पुसत जा. पण अधूनमधून तिला नव्या मापाशी लावून बघा. आणि ती चुकत असेल तर तिच्यावरच्या प्रेमापोटी गप्प बसू नका. माझ्यावर प्रेम होते म्हणूनच त्या जूनपासून मला कुणी तपासले नाही. त्या नऊ शेवंडी वाचल्या. पण त्यांच्याआधी माझ्या खाचेला अडून ज्या पेटीत गेल्या, त्यांना आणखी एखादा उन्हाळा मिळाला असता तर त्यांच्या पोटाखाली अंडी आली असती आणि रोवेनाने त्यांना अलगद पाण्यात सोडले असते. त्या किती होत्या, ते मला माहीत नाही. मी मोजले नव्हते, मी फक्त अडवत होते.