सासूबाईंचं नाइस

सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना एक शब्द येत होता आणि त्या एका शब्दावर त्यांनी अख्खं पार्लर आणि अख्खं घर चालवलं होतं. तो शब्द म्हणजे नाइस.

केस कापून झाले की हातातला आरसा गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरायचा आणि म्हणायचं, ‘‘नाइस.’’ इथपर्यंत ठीक. पण एखादी बाई घरीच कात्री चालवून, उंदरांनी कुरतडल्यासारखं डोकं घेऊन आली तरी नाइस. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने नासकं दूध गळ्यात मारलं, तर ‘‘नाइस माणूस आहे हो,’’ म्हणायचं आणि दुसऱ्या दिवसापासून दूध दुसरीकडून आणायचं. विहीणबाईंचा फोन लांबत गेला की शेवटी सुस्कारा टाकून नाइस. जावयाचे विनोद नाइस, डॉक्टरांनी साखर बंद केलेला चहाही नाइस. सूर किती लांबला आणि भुवई कुठवर चढली, यावरून घरच्यांनी ज्याचा त्याचा अर्थ काढायचा.

सुनेला तो काढता येत नव्हता आणि तिचं सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

पार्लरमध्ये खुर्च्या दोन. पहिली सासूबाईंची. दुसरी खिडकीजवळची, तिच्यावर कायम टॉवेलांची चळत. सून लग्नाआधी रीतसर शिकून आली होती आणि ती खिडकीजवळची खुर्ची आपली व्हावी, एवढंच तिला हवं होतं. पण तिच्या वाट्याला केस धुणं, कंगवे घासणं आणि झाडू. अधूनमधून सासूबाई एखादं डोकं तिच्या हवाली करत, बाजूला उभ्या राहून बघत, ‘‘नाइस’’ म्हणत आणि पुढचं गिऱ्हाईक पुन्हा स्वतः घेत. टॉवेल जागचे हलत नसत.

‘‘आई नाइस म्हणाली ना? मग झालं तर,’’ नवरा म्हणाला. ‘‘माझ्या शाळेच्या निकालालाही नाइसच म्हणाली होती.’’

‘‘पास झाला होतास?’’

‘‘नाही.’’

एके दिवशी पोस्टातल्या बाईंचे केस सुनेने कापले. सासूबाईंनी मान कलती करून पाहिलं, हसल्या, कात्री उचलली आणि कानाजवळ दोनदा हळूच चालवली. मग म्हणाल्या, ‘‘नाइस.’’

बाई गेल्या. सुनेने झाडू उचलला आणि तसाच हातात धरून उभी राहिली.

‘‘आई, काय चुकलं होतं?’’

‘‘कुठे काय? नाइस होतं.’’

‘‘मग कात्री का लावलीत?’’

‘‘सवय गं, दुसरं काय.’’

‘‘मला जमत नसेल तर तसं सांगा. मी दुसरीकडे काम बघते. पण हे नाइस ऐकून ऐकून माझा जीव विटलाय.’’

सासूबाई कंगवे लावायला लागल्या. ‘‘तोंडावर वाईट बोललं की माणूस दुखावतं. मला कुणी कधी तसं बोललं नाही, मी तरी कशाला बोलू?’’

‘‘कारण तुम्हाला बोलायची कुणाची छाती नाही,’’ सुनेच्या तोंडून निघून गेलं. ‘‘तुम्ही स्वतःचे केस स्वतः कापता. मागची रेघ तिरकी आहे. मी या घरात आले तेव्हापासून तिरकीच आहे. सगळ्यांना दिसते आणि सगळे नाइस म्हणतात.’’

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आता ती खिडकीजवळची खुर्ची विसरायची.

सासूबाई मोठ्या आरशाकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि हातातल्या आरशात बघू लागल्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जगाला मागची बाजू दाखवणाऱ्या या बाईने स्वतःची मागची बाजू कधी धड बघितली नव्हती. मग त्या खिडकीजवळ गेल्या, टॉवेलांची चळत उचलून सुनेच्या हातात दिली आणि दुसऱ्या खुर्चीत बसल्या.

‘‘काप,’’ त्या म्हणाल्या.

सुनेने कापड बांधलं, पाणी फवारलं, केस विंचरून सरळ खाली घेतले. ‘‘मान खाली घ्या,’’ ती म्हणाली. कुणापुढे न झुकलेली ती मान मुकाट्याने खाली गेली. सुनेने मागची रेघ सरळ कापत नेली. शेवटी तिने आरसा मागे धरला. आता नाइस म्हणाल्या, की पुन्हा झाडू.

‘‘डावीकडे एक केसभर राहिलंय,’’ सासूबाई म्हणाल्या.

सुनेने ते कापलं.

‘‘आणि कात्री फार घट्ट धरतेस. म्हणून कानापाशी हात अडखळतो. मघाशी तेच झालं.’’

‘‘मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?’’

‘‘तू रडशील म्हणून.’’

‘‘रडतेय का मी?’’

सासूबाईंनी आरशात तिचे भरलेले डोळे नीट पाहिले. ‘‘छे, कुठे,’’ त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दार उघडून समोरच्या औषधांच्या दुकानातली बाई आत आली. सासूबाई उठल्या, कापड झटकलं आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. ‘‘बसा. आता या खुर्चीवर ही असते.’’

‘‘आज केस काय नाइस दिसताहेत तुमचे,’’ ती बाई म्हणाली.

‘‘खरंच, की आपलं उगाच?’’ सासूबाईंनी विचारलं. ती बाई घाईघाईने खुर्चीत बसली.

सुनेने पहिली बट बोटांत धरली.

‘‘सैल धर गं ती कात्री,’’ सासूबाई मागून ओरडल्या, ‘‘वेणी का ओढायचीये तिची?’’

भर गिऱ्हाइकासमोर बोलणी खाल्ली, पण सुनेला हसू आवरेना. तिने बोटं सैल केली आणि कापायला घेतलं.