अनोळखी पर्यवेक्षक

आमच्या ठाकूरद्वारात ओळखीशिवाय काम होत नाही, हे मी कोणाला सांगायची गरज नाही. इस्पितळातली खाट असो, शाळेतला प्रवेश असो, नाहीतर गणपतीला वेळेवर येणारा भटजी असो. आधी ओळख काढायची, मग चपला घालायच्या. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर मी जन्म काढला, तिथेही हेच पाहिलं. आणि माझ्या मुलीचा शेवटचा पेपर अडला तो कशावर, तर एक अनोळखी माणूस मिळेना म्हणून. सांगा आता!

नूपुर माझी एकुलती एक. तिचे बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तिनं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष सोडलं. ते गेल्यावर माझगावला एका शिपिंग कंपनीत कंत्राटावर लागली. साहेब कामावर खूश, पण कायम करायचं तर पदवी हवी. मार्चअखेरपर्यंत आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून तिनं परराज्यातल्या एका विद्यापीठात ऑनलाइन नाव घातलं. सकाळी कणीक मळता मळता मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून लेक्चरं ऐकायची. एकेक करत सगळे विषय सुटले, राहिला फक्त सांख्यिकीचा. तिच्या नोंदणीची मुदतही याच सत्राबरोबर संपत होती. हा पेपर गेला की आधीचे सगळे पाण्यात.

पूर्वीचे पेपर घरबसल्या झाले होते. मग कुठे कोणी कॉप्या केल्या आणि विद्यापीठानं फर्मान काढलं की यापुढे परीक्षा देखरेखीखालीच. मागच्या सत्रात ती देखरेख कॅमेऱ्याची होती. खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये, दुसरा आवाज येता कामा नये, दार लावलेलं पाहिजे. आमची दीड खोली. मी उगाच अडचण नको म्हणून देवळात जाऊन बसले. पण चाळीत दिवसाढवळ्या दार लावलं की आत काहीतरी विपरीत झालंय असंच समजतात. समोरच्या कमलनं दार वाजवलं, उत्तर येईना, तशी गॅलरीतली खिडकी ढकलून आत डोकं घातलं. "नूपुर, बरी आहेस ना गं?" झालं. दुसरं माणूस दिसलं म्हणून पेपर तिथेच रद्द झाला. कमल रडली बिचारी. तिला काय बोलणार? उद्या मी घरात पडले तर तीच दार फोडून येणार आहे.

त्यानंतर विद्यापीठानं शेवटची एक संधी दिली. आता पर्यवेक्षक उमेदवारानं स्वतः शोधायचा. तो मुख्याध्यापक नाहीतर ग्रंथपाल असावा, पेपर त्याच्यासमोर बसून द्यावा. मात्र तो नात्यातला नको, शेजारचा नको, ओळखीचा नको. मी म्हटलं, हे म्हणजे मुलीला म्हणायचं, स्थळ शोध, पण कोणापाशी बोलू नकोस.

वाचनालयाचे ग्रंथपाल शरच्चंद्र एका पायावर तयार होते, पण ते नूपुरच्या बारशाला जेवून गेलेले. दादरच्या एका कॉलेजात आमच्याच परीक्षा डोक्यावर आहेत म्हणाले. परळच्या रात्रशाळेत ट्रस्टींची परवानगी लागेल म्हणाले आणि ट्रस्टी मुलाकडे कॅनडाला. नूपुर ऑफिसातून लवकर निघून हे उंबरे झिजवत होती. घरी आली की पाय धुवायची आणि पुस्तक उघडायची.

शेवटी तिच्या ऑफिसातली जसिंता म्हणाली, "आमच्या पॅरिशच्या, चर्चच्या शाळेत आग्नेलो सर आहेत, हेडमास्तर. पण माझी काय तेवढी ओळख नाय हां."

"मग तर उत्तमच," नूपुर म्हणाली.

आग्नेलो सरांनी फोनवर एका वाक्यात हो म्हटलं. शनिवारी शाळा रिकामी असते, माझ्या ऑफिसात बसा, म्हणाले. कोण कुठली मुलगी, तिच्यासाठी माणूस आपली सुटी द्यायला तयार झाला. विद्यापीठाची मंजुरी आली. नूपुरनं ती मला दोनदा वाचून दाखवली. त्या दिवशी खूप दिवसांनी ती जेवताना हसली.

आता मला सांगा, एखादा माणूस आपल्यासाठी एवढं करतो, त्याच्याकडे नुसतं काम घेऊन जायचं? आमच्यात अशी पद्धत नाही. मी रव्याचे लाडू वळले. नूपुर म्हणाली, "आई, पेपर होऊ दे, मग जा." मी म्हटलं, काम झाल्यावर जाणं हा व्यवहार झाला, आधी जाणं ही रीत. आणि जसिंताकडून पत्ता घेऊन गेले माझगावला.

दार उघडलं ते ओलिव्हियानं!

ओलिव्हिया म्हणजे आमच्या कचेरीतली, माझ्या शेजारच्या टेबलावरची. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलो. तिनं मुदतीआधी नोकरी सोडली, मग माझ्या घरात आजारपण सुरू झालं आणि भेटी तुटल्या. ती नवऱ्याला 'आगू' म्हणायची, त्यामुळे आग्नेलो हे नाव ऐकून माझ्या डोक्यात काही पेटलंच नाही. दारातच आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. सर आले तर म्हणते, "आगू, ही माझी सरोजिनी!" त्यांनी लग्नाचा अल्बम काढला. त्यात मी आहे, हातात रिकामी बशी घेऊन शाकाहारी काय आहे ते शोधत उभी. केवढे हसलो!

मी घरी आले ती उडतच. नूपुरला म्हटलं, "अगं, ओळख निघाली! आता काळजी नको."

तिनं पेन खाली ठेवलं. "आई, ओळख नको होती. त्यांनी लिहून दिलंय, मी उमेदवाराला ओळखत नाही म्हणून."

"दिलं तेव्हा खरंच होतं ते."

"आता नाहीये ना! मग त्यांना सांग, कुठे बोलू नका."

"हेडमास्तरांना खोटं बोला म्हणून सांगू? मी?"

"मग मी सांगते," ती म्हणाली. पण जीभ तिचीही उचलली नाही. ज्यांच्या उपकारावर आपण उभे, त्यांना खोटं बोलायला कोणत्या तोंडानं सांगणार? आणि मंजुरी तर हातात होती. पुन्हा विचारणार कोण, असं आम्ही दोघी धरून चाललो.

शनिवारी मी शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले. नूपुर आत सरांच्या ऑफिसात. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, टेबल पुसून घेतलं होतं, पाण्याची बाटली नवी आणली होती. व्हिडिओवर विद्यापीठाचा माणूस आला, कोवळा पोरगाच. ओळखपत्र पाहिलं, खोली फिरवून दाखवायला लावली. आता प्रश्नपत्रिका उघडायचा पासवर्ड यायचा तेवढा बाकी होता.

"सर, एक लास्ट सवाल," तो म्हणाला. "आप कैंडिडेट को पर्सनली नहीं जानते ना?"

मी बाकावरून उठले. नूपुरनं सरांकडे पाहिलं.

सर हसले. अगदी मनापासून हसले हो. "पहले नहीं जानता था. अभी जानते हैं ना! इसकी मम्मी और मेरी वाइफ साथ में थी ऑफिस में. बहुत अच्छी फैमिली है. मैं गारंटी लेता हूँ."

मग तो पोरगा हळूच म्हणाला, "सर, फिर तो आप नहीं चलेंगे."

"क्यों? जानता हूँ इसीलिए तो बोलता हूँ, ये लडकी कॉपी नहीं करेगी!"

"सॉरी सर. रूल है." आणि त्याचा चेहरा पडद्यावरून गेला.

सरांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईनं शाळेचं लेटरहेड ओढलं. "मी लिहून देतो. तुमच्या कुटुंबाला आम्ही किती वर्षं ओळखतो, सगळं लिहितो. कसं ऐकत नाहीत बघू."

नूपुरनं त्या कागदावर हात ठेवला. "नको सर," ती म्हणाली. "तुम्ही खूप केलंत." वाकून तिनं त्यांना नमस्कार केला, तशी त्यांनी मान फिरवली.

बसमध्ये ती माझ्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. वाडीच्या तोंडाशी आल्यावर थांबली. "आई, माझ्यासाठी जगात एक तरी माणूस अनोळखी ठेवायचा होतास."

माझा संताप झाला. "मग काय ओलिव्हियाला पाहून तोंड फिरवून परत यायचं होतं मी?"

"हो," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

मी अजूनही म्हणेन, माणूस भेटल्यावर त्याला ओळख देणं हा गुन्हा नाही. विद्यापीठाच्या बापाला विचारा. पण त्या 'हो'नं माझी झोप नेली ती नेलीच. नूपुरनं अर्ज केले, फोन केले. प्रत्येक वेळी तेच उत्तर यायचं: नोंदणीची मुदत संपली आहे, पुन्हा प्रवेश घ्यावा, पहिल्या वर्षापासून. ओलिव्हियाचे फोन येतात. मी उचलत नाही, आणि न उचलता बसून रडते.

एप्रिलमध्ये ऑफिसात नवी मुलगी आली, पदवीधर. तिला काम शिकवायचं नूपुरनंच. ती तयार झाली की नूपुरचं कंत्राट संपलं, असं ठरलं. मला वाटलं, शिकवण्यात निदान पावसाळा तरी जाईल. जेवताना मी भीत भीत विचारलं, "कशी आहे गं ती मुलगी?"

"छान आहे," नूपुर म्हणाली. तिनं पानात आमटी वाढून घेतली. "एकदा सांगितलं की लक्षात ठेवते. या महिन्यातच तयार होईल."