आडोसा

गहिनीनाथानं अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच आप्पासाहेब हसायला लागले.

त्यात त्यांचा दोष नव्हता. गहिनीनाथ सूर्यभानच्या तमाशात सोंगाड्या होता आणि पाथर्डीपासून जामखेडपर्यंत त्याला पाहिलं की हसायचं, ही माणसांना सवयच लागली होती. त्याच्या बापाच्या मातीला आलेल्यांपैकीही दोघंतिघं तोंडाला उपरणं लावून उभे होते.

बहात्तर सालच्या निवडणुकीत आप्पासाहेब आमदारकीला उभे होते. गेल्या खेपेला थोडक्यात पडले होते, त्यामुळे यंदा कुणालाही ओसरीवर बसवून घेत.

गहिनीनाथानं मागणी सांगितली. बाजारतळावर तमाशे होतात, तिथल्या ओट्यामागं एक खोली हवी. चार भिंती, वर पत्रे, आतून कडी. फडातल्या बायकांना कपडे बदलायला आडोसा नव्हता. ट्रकच्या फाळक्याशी एका गड्यानं पाठ फिरवून दोन्ही हातांनी लुगडं ताणून धरायचं आणि त्याच्या आड बाईनं शालू नेसायचा, अशी रीत होती. वारं आलं की शिट्ट्या सुरू होत. मुक्ताबाई आता पन्नाशीला आली होती. तिचं लुगडं गहिनीनाथ धरी, आणि ती आडून एवढंच म्हणे, "घट धर."

सरकार कलेसाठी पैसा देतं, असं त्याच्या कानावर होतं. नगरच्या एका नाटकमंडळाला पडदा मिळाला होता, तोही मखमलीचा. गावच्या तालमीला पत्रे मिळाले होते, आणि कुस्ती ही कला आहे असं त्या दिवशी सगळ्यांना कळलं होतं.

आप्पासाहेबांनी गंभीर राहायचा बराच प्रयत्न केला. तमाशा हे महाराष्ट्राचं भूषण आहे, म्हणाले. अडचण एवढीच, की ती जागा तालमीच्या पोरांनी मागितली होती. पैलवानांची म्हैस बांधायला.

मग त्यांनी सहज विचारलं, "फडाची मतं किती रे तुमची?"

"हायेत तीस-पस्तीस."

"अन् पडतात किती?"

गहिनीनाथ गप्प बसला. मतदान आलं की ऐन जत्रांचा हंगाम असे. फड कुठल्यातरी परमुलखात नाचत असे. आजवर एकही मत पडलं नव्हतं. त्याच्या गप्प बसण्यालाही आप्पासाहेब हसले.

त्या संध्याकाळी त्यानं सगळा फड गोळा केला. ढोलकीवाल्या बन्सीनं आधी विचारलं की हा नवा वग आहे का. "पैलवान मतदानाला गावात असत्यात," गहिनीनाथ म्हणाला. "आपन नसतो. म्हून म्हशीला खोली मिळती अन् मुक्ताक्काला मिळत न्हाई." नव्यानं आलेल्या बानूनं विचारलं, तमाशातल्या बाईचं मत पुरं धरत्यात का? तिला पुरं असं सांगितल्यावर ती बराच वेळ त्याचा विचार करत बसली.

ठरलं. मतदानाच्या दिवशी कुठलीच सुपारी घ्यायची नाही. गावात थांबायचं, आणि जो खोली देईल त्याला सगळ्यांनी मिळून शिक्का मारायचा. ही गोष्ट गुप्त ठेवायची होती; पण मागच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना ती ठेवता आली नाही. अंधार पडायच्या आत गावभर झाली.

त्याच आठवड्यात आप्पासाहेबांचा माणूस फडाच्या बिऱ्हाडी आला. त्यांच्या लेकीच्या सासरी, जामखेडच्याही पलीकडं, जत्रा होती. खेळ ठरवायचा होता, मतदानाच्याच दिवशी. पितळी ताटात पानसुपारी आणि सूर्यभानसाठी गुलाबी फेटा. गहिनीनाथ न्हाव्याकडून दाढी करून येईपर्यंत सूर्यभाननं सुपारी कपाळाला लावून खिशात टाकली होती. आता इलाज नव्हता. घेतलेली सुपारी परत केली की ढोलकी फुटते, यावर फडातल्या हिंदू-मुसलमान सगळ्यांचा सारखाच विश्वास होता.

"मालक, त्या दिवशी मतदान हाय," गहिनीनाथ म्हणाला.

"मतदान पाच सालांनी येतंच की, गहिनी," सूर्यभान आरशात बघत म्हणाला. "आपल्याला फेटा कवा आला हुता?"

गहिनीनाथाचं डोकं फिरलं. त्याला सगळ्यात लागलं ते वेगळंच. ज्या मतांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यांना आप्पासाहेबांनी किंमत मोजली होती, तीही पडू नयेत म्हणून. आणि फडाला वाटत होतं, आपला सन्मान झाला.

फड ट्रकनं पुढं गेला. गहिनीनाथ एकटा मागं राहिला आणि सकाळी शाळेतल्या रांगेत जाऊन उभा राहिला. पुढचा वळला, त्याला पाहून हसला, मग सगळी रांगच हसली. कुणी म्हणालं, एक होऊ द्या. "मत द्याया आलोय," तो म्हणाला, तर एकानं पोट धरलं. आतल्या साहेबानं बाहेर काय चाललंय म्हणून डोकावलं आणि मिशीत हसतच त्याच्या बोटाला शाई लावली.

एक एसटी, मग उसाच्या गाडीवर, मग उरलेलं पायी, असा तो दिवेलागणीला जत्रेत पोचला. तोंडाला सफेदा फासला, नेहमीच्या जागी उभा राहिला आणि पाठ फिरवून लुगडं ताणून धरलं. पलीकडं बांगड्या वाजत होत्या.

"कुनाला दिलंस?" मुक्ताबाईनं आडून विचारलं.

"खोलीला."

माळावरनं वारं सुटलं, लुगडं फुगलं. गॅसबत्तीच्या उजेडात पोरांनी शाईचं काळं बोट पाहिलं आणि सोंगाड्यानं आज हे नवंच काय लावलंय म्हणून हसायला लागली.

"घट धर," मुक्ताबाई म्हणाली.

त्यानं काठ मुठीत आणखी आवळला.