आईला फोन लावू का?

आमच्या सांतो दोमिंगोत ज्या घरातली आई न्यूयॉर्कला कामाला गेलेली असते, त्या घरात पोरांना घाबरवायला बागुलबुवा लागत नाही. फोन पुरतो. "जेवतेस की आईला फोन लावू?" एवढं म्हटलं की ताटातला भोपळासुद्धा गुपचूप पोटात जातो.

नेरेइदाने बहिणीची पोर, दारिएला, चार वर्षं याच मंत्रावर वाढवली. आता पोर सहा वर्षांची झाली, कागदपत्रं आली, आणि नेरेइदा तिला आईच्या हवाली करायला विमानात बसली. आईने, म्हणजे युदेल्काने, फोनवर एकच मागणं केलं होतं. "ताई, बाकी काही आणू नकोस. मला बघून ती धावत आली पाहिजे. बस्स."

तरी नेरेइदाने सलामीचं सॉसेज घेतलं, चीज घेतलं, तळलेल्या केळ्यांचा डबा घेतला. ते धावत येणं मात्र कुठल्या पिशवीत भरतात, हे तिला कळलं नव्हतं.

विमान उडालं आणि दारिएलाचे पाय समोरच्या सीटवर नाचू लागले.

"पाय आवर. आईला सांगेन हं."

आमच्या लोकांच्या विमानात पोर तिकिटापुरतं मावशीचं असतं. ओरडण्यापुरतं ते सगळ्या विमानाचं. समोरच्या सीटवरचे फाउस्तोकाका वळले. "माझ्या बापाने पट्टा नुसता खुंटीला टांगला होता. आम्ही सगळी भावंडं त्याला बघून उभी राहायचो!"

"म्हणूनच तुमची पोरं तुम्हाला भेटायला येत नाहीत, तुम्हालाच जावं लागतं," पलीकडून रोसौराबाई म्हणाल्या. मुलांच्या संगोपनावरचं एक पुस्तक त्यांनी जवळजवळ पूर्ण वाचलं होतं. "मुलांशी त्यांच्या उंचीला उतरून बोलावं." असं म्हणून त्या वाटेतच गुडघे टेकून बसल्या. मागे चहा-कॉफीची गाडी अडली. "बाळा, पाय मारताना तुझ्या मनात काय येतं?"

"काका हलतात," दारिएला म्हणाली.

या उत्तराचं काय करायचं ते बहुधा न वाचलेल्या पानांत असावं. शिवाय गुडघे धरले होते. दोघांनी मिळून त्यांना उठवलं. उठता उठता त्यांनीही तोच हुकमी पत्ता टाकला. "आईला कळलं तर काय म्हणेल गं? तिकडच्या आया फार कडक असतात हं!"

"बघून घेईल ती तुला," काकांनी दुजोरा दिला.

दारिएलाने पाय पोटाशी घेतले आणि हात मांड्यांखाली दाबले. विमान खूश झालं. "आईचं नाव काढलं की कशी सरळ झाली!" काकांनी पेपरमिंट दिलं. नेरेइदाची मान ताठ झाली.

थोड्या वेळाने दारिएला हळूच म्हणाली, "मावशे, आई मारते का गं?"

"छे! काहीतरीच काय!"

"मग सगळे तिला भितात कशाला?"

नेरेइदाने केळ्यांचा डबा उघडला. पोरीने केळं घेतलं नाही, तेव्हा नेरेइदाने डबा मिटला. ती घाईघाईने म्हणाली, "तुझी आई ना, लहानपणी महाव्रात्य होती. पाद्रीबाबांच्या खुर्चीत जिवंत खेकडा ठेवला होता तिने."

"खोटं."

"देवाशप्पथ."

"मग तिच्या आईला फोन कोणी लावला?"

"तिची आई घरातच होती गं," नेरेइदा म्हणाली.

चाकं टेकली, तशा रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. विमान अजून धावतंय तोच निम्मे लोक उभे. कुणाची पिशवी कुणाच्या डोक्यावर, काका फोनवर ओरडतायत, "उतरलो! उतरलो रे!" हवाई सुंदरी घसा फोडून सांगतेय, "बसा! मोठी माणसं ना तुम्ही?" पट्टा लावून बसली होती फक्त दारिएला.

"काका, बसा," ती म्हणाली. "नाहीतर तुमच्या आईला सांगेन."

सत्तरीचे काका मुकाट्याने बसले.

बाहेर युदेल्का लाल फुगा घेऊन उभी होती. तिने हात पसरले. दारिएला धावली नाही. मोजून पावलं टाकत गेली, हातभर अंतरावर थांबली, हात पाठीमागे घेतले. "आशीर्वाद दे, आई. मी त्रास नाही दिला. पाय मारले, पण थोडेच."

युदेल्काचे हात तसेच हवेत राहिले. "देव तुझं भलं करो," ती कशीबशी म्हणाली. मग बहिणीकडे बघून, "ताई, काय सांगितलंस गं हिला माझ्याबद्दल?"

'शिस्त लावली' असं म्हणायला नेरेइदाने तोंड उघडलं होतं. निघालं भलतंच. "खेकड्याचं सांगितलं."

"कुठल्या?"

"पाद्रीबाबांच्या खुर्चीतल्या."

युदेल्काने डोळे पुसले, नाक ओढलं. "एक नव्हता, दोन होते."

दारिएलाने पहिल्यांदाच मान वर केली. "चावले?"

"एक चावला."

"कुठे?"

युदेल्का वाकून तिच्या कानात काहीतरी पुटपुटली. पोर अशी खिदळली की सगळं दालन वळून बघू लागलं. पुढच्या क्षणी ती ट्रॉलीवर, बॅगांच्या ढिगावर बसली होती आणि युदेल्का ट्रॉली ढकलत सुसाट सुटली होती. फुगा मागे, त्याच्यामागे शिट्टी फुंकणारा पहारेकरी.

"अगं पडेल ती! सलामी त्या बॅगेत आहे!" नेरेइदा ओरडत मागे धावली. "दारिएला, उतर खाली! उतरतेस, की तुझ्या आईला..."

तिचं तोंड उघडंच राहिलं.